कोर्सवर्कचे वर्ष: कोकणातून बायोमेडिकल संशोधनात येणाऱ्यांसाठी

"मॅडम, कोर्सवर्क एकदाचं उरकलं की मग खऱ्या कामाला लागते." नव्या तुकडीतली कुणी ना कुणी दर वर्षी हे म्हणते आणि दर वर्षी मी तिला समोर बसवून एकच गोष्ट सांगते. भाताची रोपे, म्हणजे तरवा, रोगट आला तर चिखलणी कितीही चांगली करा, लावणी जोम धरत नाही. पीएचडीचे पहिले वर्ष, म्हणजे कोर्सवर्कचे, तरव्याचे आहे. प्रबंध लिहिताना ज्या चुका निस्तरता निस्तरता जीव मेटाकुटीला येतो, त्यातल्या बहुतेक याच वर्षात पेरलेल्या असतात. नमुने किती लागतील हे न मोजताच काम सुरू केलेले असते, कंट्रोल (ताडून बघायला ठेवायचा नमुना) ठेवलेला नसतो, वहीत तारीख नसते.

मी मूळची कुडाळकडची. एम.एस्सी.नंतर मुंबईत पीएचडी केली, आता रत्नागिरीत शिकवते. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातल्या ज्या मुलामुलींच्या घरात पीएचडी करणारे ते पहिलेच आहेत, ज्यांना विचारायला शेजारीपाजारी कुणी नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. विषय जीवरसायनशास्त्र असो, सूक्ष्मजीवशास्त्र असो की प्राणिशास्त्र, पायऱ्या त्याच आहेत.

पहिली पायरी: प्रवेश

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षात असाल तर सगळ्यात आधी उन्हाळ्यातले दोन महिने एखाद्या चांगल्या प्रयोगशाळेत काढा. देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. अर्ज आदल्या वर्षाच्या शेवटीच मागवतात, म्हणून दिवाळीआधीपासून लक्ष ठेवा. पिपेट रोज आठ तास हातात धरायला आपल्याला आवडते की नाही, हे त्या दोन महिन्यांत कळते. आवडत नसेल तर तेही तेव्हाच कळलेले बरे.

पीएचडीसाठी विद्यापीठाची पेट (पीएचडी प्रवेश परीक्षा), सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद) आणि डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग) यांच्या जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) परीक्षा आणि गेट हे मुख्य दरवाजे. जीवशास्त्राच्या नेटला तीन तास आणि २०० गुण असतात. भाग अ मधले २० पैकी १५, भाग ब मधले ५० पैकी ३५ आणि भाग क मधले ७५ पैकी २५ प्रश्न सोडवायचे. पहिल्या दोन भागांत प्रश्नाला २ गुण, क मध्ये ४. चूक उत्तराला त्या प्रश्नाचे २५ टक्के गुण जातात. एकट्या क भागाचे १०० गुण आहेत आणि त्यात तीनातला एकच प्रश्न सोडवायचा आहे, हे ध्यानात घ्या. म्हणजे सगळ्याच विषयांवरून झाडू फिरवण्यापेक्षा पाच-सहा विषय मुळापासून करणारी मुले पुढे जातात. बायोमेडिकलकडे वळायचे असेल तर पेशी जीवशास्त्र, रेण्वीय जीवशास्त्र, प्रतिकारशास्त्र, मानवी शरीरक्रिया आणि प्रयोगपद्धती हे पाच धरा. ते पुढे कामालाही येतात.

जागा कुठे बघायच्या? घरापासून फार लांब जावे लागेल असे समजू नका. टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र, अ‍ॅक्ट्रेक, खारघरला आहे, म्हणजे रायगड जिल्ह्यातच. पनवेलला गाडीतून उतरलात की पोहोचलात. परळमध्ये हाफकिन आहे, आयसीएमआरच्या रक्तविकारांवरची आणि प्रजनन आरोग्यावरची अशा दोन संस्था आहेत. पुण्यात एनआयव्ही (विषाणूंवरची), एनसीसीएस (पेशींवरची), आयसर. प्रत्येकाची जाहिरात वेगळ्या महिन्यात निघते. घरातल्या कॅलेंडरवर पेनाने लिहून ठेवा, मोबाइलमधली आठवण पुसली जाते.

दुसरी पायरी: गाइड

इथे घाई करू नका. विषयापेक्षा गाइड जास्त महत्त्वाचा असे माझे ठाम मत आहे. विषय वर्षभरात बदलतो, दोन वर्षांत तर ओळखू येत नाही. गाइड मात्र पाच वर्षे तोच असतो.

भेटायला जाण्याआधी शोधगंगेवर जा. देशभरातले प्रबंध तिथे ठेवलेले असतात आणि कुणालाही मोफत बघता येतात. ज्यांच्याकडे जायचे आहे त्यांच्या आधीच्या विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडा. नोंदणी कधी झाली, प्रबंध कधी दिला, हे पहिल्या पानांवर बऱ्याचदा सापडते. प्रत्येकाला सहा-सहा वर्षे लागली असतील तर त्याचे कारण विचारायला हवे. त्या विद्यार्थ्यांच्या नावाने पहिले लेखक म्हणून किती शोधनिबंध निघाले, तेही बघा. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ पीएचडी विद्यार्थी घेता येतात. त्यामुळे "सध्या तुमच्याकडे किती जण आहेत?" हा प्रश्न उद्धट नाही.

मग प्रयोगशाळेत जा आणि गाइडबरोबर बसाल तेवढाच वेळ सीनियर मुलांबरोबर चहाला बसा. रसायने संपली तर किती दिवसांत येतात? मीटिंग ठरलेल्या वारी होते की बोलावणे येईल तेव्हा? एखादा प्रयोग तीनदा फसला तर सर काय म्हणतात? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा. जमल्यास, ती प्रयोगशाळा मध्येच सोडून गेलेल्या कुणाला फोन करा. सोडून जाणारे कधीकधी रागाने बोलतात, पण दोघांनी वेगवेगळे येऊन एकच गोष्ट सांगितली तर ती खरी धरा.

पैशांचे इथेच सांगून टाकते. जेआरएफचे दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर एसआरएफचे (वरिष्ठ फेलोशिपचे) ४२,००० हे दर जानेवारी २०२३ पासून लागू आहेत, घरभाडे भत्ता वेगळा. जेआरएफ नसेल तर राज्यात बार्टी, सारथी आणि महाज्योती यांच्या पीएचडी फेलोशिप आहेत. आपल्याकडच्या अनेक मुलांना यातली एखादी लागू होते, फक्त जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र आधी तयार हवे. फेलोशिप मंजूर झाली म्हणजे पैसे खात्यात आले असे नव्हे. माझे पहिले पैसे यायला आठ महिने लागले आणि तोवर आई दर रविवारी फोनवर विचारायची, "पगार चालू झालो काय गो?" सहा ते आठ महिने पुरतील एवढी तजवीज करूनच मुंबई-पुण्यात खोली घ्या. घरच्यांनाही हे आधी सांगून ठेवा.

तिसरी पायरी: कोर्सवर्कमधून काय घ्यायचे

नियम सोपा आहे. पीएचडीला कोर्सवर्कचे किमान १२ क्रेडिट लागतात, त्यात किमान ५५ टक्के मिळवावे लागतात. संशोधन आणि प्रकाशन नीतीचा २ क्रेडिटचा पेपर सगळ्यांना सक्तीचा आहे. बाकीचे विद्यापीठ आणि संस्था ठरवतात. काही विषय स्वयम्-एनपीटीईएलवरून ऑनलाइनही करता येतात, पण ते क्रेडिट धरले जाणार का, हे संशोधन सल्लागार समितीकडून आधी लेखी घ्या.

निवड हातात असेल तर पहिला हात जीवसांख्यिकीवर टाका. मुले याच विषयाला सर्वात जास्त टाळतात आणि चौथ्या वर्षी याच विषयापायी रडतात. एक उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवते.

समजा, एका तालुक्यात भातलावणी करणाऱ्यांपैकी किती जणांच्या रक्तात लेप्टोस्पायराविरुद्धची (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोच्या जंतूविरुद्धची) प्रतिद्रव्ये आहेत, हे तुम्हाला बघायचे आहे. अंदाज धरू २० टक्के. उत्तर पाच टक्के इकडे-तिकडे चालेल. तर लागणारे नमुने म्हणजे १.९६ (९५ टक्के खात्रीसाठीचा ठरीव आकडा) चा वर्ग, गुणिले ०.२०, गुणिले ०.८०, भागिले ०.०५ चा वर्ग. येतात २४५.८६, म्हणजे २४६ माणसे. बहुतेक मुले इथे थांबतात.

आता कोकणातले गाव डोळ्यांसमोर आणा. गाव एका जागी नसते, वाड्यांत विखुरलेले असते. वरची वाडी, खालची वाडी, मधलीवाडी. एका वाडीतली माणसे एकाच वहाळातून चालत जातात, एकाच मळ्यात उतरतात, उंदीरही त्यांचे तेच. त्यामुळे एका वाडीतून घेतलेली वीस माणसे ही वीस सुटी माणसे नव्हेत, त्यांची उत्तरे एकमेकांना चिकटलेली असतात. यासाठी संख्येला डिझाइन इफेक्टने गुणावे लागते. १.५ धरला तर २४६ चे ३६९ होतात. दहा टक्के लोक ऐन वेळी नको म्हणतील असे धरून ३६९ ला ०.९ ने भागा, येतात ४१०. म्हणजे २४६ नळ्या घेऊन निघालेली मुलगी अर्ध्याहून थोड्याच जास्त तयारीने निघालेली असते. हा हिशोब कागदावर दहा मिनिटांत होतो. तो न केल्यामुळे परत गावात जावे लागते तेव्हा दुसरा पावसाळा आलेला असतो.

प्रयोगशाळेतही हीच चूक वेगळ्या रूपात होते. एका उंदराच्या पेशी तीन खळग्यांत टाकल्या आणि तीन आकडे आले, तर तुमचे एन (स्वतंत्र नमुन्यांची संख्या) तीन झाले नाहीत. ते एकच राहिले. एका कलमाचे पाच डझन आंबे चाखून सगळ्या देवगड हापूसबद्दल बोलता येत नाही, तसेच हे. तीन वेगळे उंदीर, तीन वेगळे दिवस, तेव्हा तीन.

सॉफ्टवेअरमध्ये आर (R) शिका, मोफत आहे. आणि जनुकांची यादी एक्सेलमध्ये उघडताना सावध राहा. सेप्ट-२, मार्च-१ अशी नावे एक्सेल परस्पर तारखेत बदलून टाकते. हा घोळ इतका पसरला की २०२० मध्ये जनुकांना नावे देणाऱ्या समितीने ती नावेच बदलून सेप्टिन-२, मार्च-एफ-१ अशी केली. जुन्या फायली मात्र अजून फिरत आहेत. स्तंभ आधी 'टेक्स्ट' करा, मग माहिती आणा.

दुसरे शिकायचे ते प्रयोगशाळेचे अंकगणित. पाच मोलर मिठाच्या द्रावणापासून १५० मिलिमोलरचे ५०० मिलिलिटर करायला किती घ्यायचे? पंधरा मिलिलिटर. हे उत्तर अर्ध्या मिनिटात यायला हवे. एम.एस्सी.त पैकीच्या पैकी मिळवलेली मुलेही इथे अडखळतात, कारण आजवर द्रावणे परिचरांनी करून ठेवलेली मिळाली. महिनाभर रोज पाच गणिते करा, पुरे.

कंट्रोल म्हणजे काय: आपल्याच रक्तातले उदाहरण

तिसरी गोष्ट कुठल्याही पेपरच्या नावात सापडत नाही, पण सगळ्या कोर्सवर्कचा गाभा तीच आहे. कंट्रोल. वर्गात मी ती बॉम्बे रक्तगटावरून शिकवते. हा गट १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी पहिल्यांदा नोंदवला आणि तो आपल्या भागातल्या रक्तपेढ्यांना अनोळखी नाही.

ए आणि बी प्रतिजन (रक्तपेशींवरच्या खुणा) ज्या पायावर उभे राहतात तो एच प्रतिजनच या माणसांत नसतो. आता त्यांचे रक्त नेहमीच्या पद्धतीने तपासा. अँटी-ए टाकले, गुठळी नाही. अँटी-बी टाकले, गुठळी नाही. काचपट्टी सांगते, गट ओ. उलट तपासणीत त्यांचा सीरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा द्रव) ए आणि बी पेशींना गोळा करतो, हेही ओ सारखेच. मग फरक कुठे कळतो? सीरमसमोर ओ पेशी ठेवल्यावर. खऱ्या ओ गटाच्या माणसाचा सीरम ओ पेशींना हात लावत नाही. बॉम्बे गटाचा सीरम त्यांनाही गोळा करतो, कारण त्यात एच विरुद्धची प्रतिद्रव्ये असतात. ओ पेशींची ती एक नळी कुणी "ही कशाला, नेहमी निगेटिव्हच येते" म्हणून वगळली, तर त्या रुग्णाला ओ रक्त चढते आणि जिवावर बेतते.

वर्गात हे सांगून झाल्यावर मी प्रत्येकाला स्वतःच्या प्रस्तावात बोट ठेवून दाखवायला लावते: तुझ्या प्रयोगातली ओ पेशींची नळी कुठली? जी नेहमी निगेटिव्ह येते म्हणून तू वगळणार आहेस ती? उत्तर देता आले की कोर्सवर्कचा निम्मा हेतू साधला.

चौथी पायरी: शोधनिबंध वाचणे आणि उभे राहून सांगणे

आठवड्याला दोन निबंध नीट वाचा, दहा चाळू नका. सारांश आधी वाचू नका. थेट आकृत्यांवर जा, प्रत्येक आकृतीला "इथे काय मोजले, कशाशी ताडले, एन किती" हे तीन प्रश्न विचारा आणि उत्तरे आपल्या भाषेत पाच ओळींत लिहा. मग लेखकांचा निष्कर्ष वाचा. तुमचा आणि त्यांचा जुळला नाही तर घाबरू नका. पुष्कळदा तुम्ही बरोबर असता.

निबंध मिळत नाहीत ही तक्रार आता कमी व्हायला हरकत नाही. जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन योजनेत सरकारी संस्थांना तीस प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके खुली झाली. तुमची संस्था त्यात आहे का, हे ग्रंथपालांना जाऊन विचारा. मी विचारायला पाठवलेल्या मुलांपैकी निम्म्यांना आपल्या ग्रंथालयात ही सोय आहे हेच माहीत नव्हते.

इंग्रजीबद्दल मनापासून बोलायचे आहे. मराठी माध्यमातून आलेली मुलगी जर्नल क्लबमध्ये (शोधनिबंध समजावून सांगण्याच्या बैठकीत) उभी राहते तेव्हा तिला विषय येत असतो, वाक्य येत नसते. समोरचे समजतात, विषयच येत नाही. यावर माझा अनुभवाचा उपाय असा: आधी सगळा निबंध मराठीत मोठ्याने समजावून सांगा, खोलीतल्या मैत्रिणीला, नाहीतर घरी फोनवर. जिथे मराठीत अडखळाल तिथे तुम्हाला तो समजलेलाच नाही, परत जा. मराठीत सलग सांगता आला की मग इंग्रजीची लहान लहान वाक्ये करा, एका वाक्यात एकच गोष्ट. पहिल्या दोन मिनिटांची वाक्ये पाठ करा, कारण भीती तेवढीच टिकते. पहिल्या सहामाहीत एकदाही न बोललेली मुलगी तिसऱ्या सहामाहीत प्रश्न विचारताना मी पाहिली आहे, आणि ती या एवढ्याच सरावाने.

पाचवी पायरी: वही

या लेखातले एकच काही पाळायचे असेल तर हे पाळा.

पानांना क्रमांक असलेली, शिवलेली, जाड पुठ्ठ्याची वही. सुटी पाने नकोत, पेन्सिल नको. रोज तारीख. काय करणार आहोत आणि का, हे प्रयोगाआधी दोन ओळी. रसायनाचे नाव, कंपनी, कॅटलॉग क्रमांक, लॉट (खेपेचा) क्रमांक, उघडल्याची तारीख. काय झाले, आणि अपेक्षेपेक्षा वेगळे काय झाले. चुकले तर एक रेघ मारून बाजूला बरोबर लिहा, खाडाखोड करू नका. संगणकातल्या फाइलचे नाव वहीत आणि वहीचा पान क्रमांक फाइलच्या नावात. मुंबईच्या दमट हवेत आणि आपल्याकडच्या पावसात शाई फुटते, म्हणून दर शनिवारी पानांचे फोटो काढून ठेवा.

लॉट क्रमांकाचे मी उगीच सांगत नाही. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी माझ्या वेस्टर्न ब्लॉटमधली (अँटिबॉडीने प्रथिन ओळखण्याच्या चाचणीतली) पट्टी एकाएकी सरकली. जिथे यायची तिथे फिकट, खाली नवीन एक ठळक. मी पेशी बदलल्या, बफर बदलले, जेल बदलले, चार महिने गेले. शेवटी भांडारातल्या बिलांच्या फाइलमधून कळले की मध्यंतरी अँटिबॉडीची नवीन कुपी आली होती, दुसऱ्या लॉटची. माझ्या वहीत फक्त "अँटिबॉडी, एकास हजार" एवढेच लिहिलेले होते. आठ अंकी क्रमांक लिहायला दहा सेकंद लागले असते. त्या दिवसापासून माझ्याकडच्या प्रत्येक विद्यार्थ्याची वही मी दर शुक्रवारी बघते आणि लॉट क्रमांक नसेल तर सही करत नाही.

चांगल्या नोंदी काय करू शकतात याचे उदाहरण आपल्याच भागात आहे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावत. त्यांनी खाटेशेजारी बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलट्या, हातापायांचा गारठा, फुप्फुसात पाणी भरण्याची वेळ यांच्या नोंदी ठेवल्या. त्या १९८२ मध्ये लॅन्सेटमध्ये आल्या. मग प्राझोसिन हे रक्तदाबावरचे स्वस्त औषध विंचवाच्या विषाच्या या परिणामांवर लागू पडते हे त्यांनी दाखवले, १९८६ मध्ये तेही छापून आले. २०११ मध्ये त्यांची यादृच्छिक चाचणी बीएमजेत आली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सुरुवात झाली तेव्हा हाताशी होते रक्तदाबाचे यंत्र, घड्याळ आणि लिहिण्याची चिकाटी.

सहावी पायरी: परवानग्या आणि वाडीतली संमती

माणसांचे नमुने असतील तर संस्थेच्या नीती समितीची मंजुरी, प्राणी असतील तर प्राणी नीती समितीची, जनुकबदल केलेले जीव किंवा धोकादायक जंतू असतील तर जैवसुरक्षा समितीची. मंजुरीआधी घेतलेला एकही नमुना नंतर वापरता येत नाही. समित्यांच्या बैठका रोज होत नाहीत, म्हणून कोर्सवर्क चालू असतानाच अर्ज लिहा. आयसीएमआरची २०१७ ची नीती मार्गदर्शक तत्त्वे उघडून बसा आणि प्रत्येक मुद्दा आपल्या अर्जात कुठे आला आहे ते ताडून बघा.

संमतीपत्र मराठीत लिहा, आणि ते सरकारी मराठीत नको. "सहभाग ऐच्छिक असून" ऐवजी "तुम्ही नको म्हणालात तरी दवाखान्यात तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही" असे. लिहून झाल्यावर दुसऱ्या कुणाकडून त्याचे परत इंग्रजी करून घ्या आणि मूळ मजकुराशी ताडा, कुठे अर्थ निसटला ते दिसते. सावंतवाडीजवळच्या एका वाडीत आजोबांनी मला विचारले होते, "रगात कित्याक होया गो बाय तुका? माका कायच जावक नाय." माझ्या दोन पानी संमतीपत्रात या प्रश्नाचे उत्तर नव्हते. निरोगी माणसाचे रक्त आजारी माणसाच्या रक्ताशी ताडायला लागते, हे मी पायरीवर बसून मालवणीत सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, विचार केला, हात पुढे केला. घरी येऊन मी ते वाक्य संमतीपत्रात पहिल्याच परिच्छेदात घातले आणि सुधारित प्रत मंजुरीसाठी परत समितीकडे पाठवली.

तापाच्या रुग्णांवर काम करणाऱ्यांना आणखी एक. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये गोचिडींमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडले, तेव्हापासून काजूच्या हंगामात सिंधुदुर्गात या आजारावर लक्ष असते. ताप आल्यावर सुरुवातीच्या दिवसांत विषाणू पीसीआरवर सापडतो, पुढे आयजीएम प्रतिद्रव्यांची तपासणी कामाला येते. म्हणजे नमुना तापाच्या कितव्या दिवशीचा, हे कळल्याशिवाय निकालाला अर्थ नाही. "किती दिवस झाले?" विचारले तर "झाले चार-आठ दिवस" हे उत्तर येते. त्याऐवजी विचारा, शिमग्याची पालखी घरी आली त्याच्या आधी की नंतर? बाजाराच्या दिवशी तब्येत बरी होती का? तारीख दोन मिनिटांत पक्की होते. नळीही जपून निवडा, रक्त गोठू न देणारे हेपरिन पीसीआरला अडथळा आणते, म्हणून ईडीटीएची नळी. सीरम हवा असेल तर रक्त गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करा, सीरम वेगळा काढा आणि मगच बर्फाच्या पेटीत ठेवून पुढच्या प्रवासाला लावा. न वेगळे काढलेले रक्त थिजवले तर पेशी फुटतात आणि नळीत लाल पाणी पोहोचते.

सातवी पायरी: छापण्याची घाई

थोडक्यात सांगते. २०२२ च्या नियमांनुसार प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची सक्ती राहिलेली नाही. तुमच्या विद्यापीठाची वेगळी अट आहे का ते बघा. यूजीसी-केअर ही मान्य नियतकालिकांची यादी २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळे नियतकालिक पारखण्याची जबाबदारी आता तुमच्यावर आणि तुमच्या संस्थेवर आहे. आठ दिवसांत छापून देतो, अमुक इतके पैसे पाठवा, असा ईमेल आला की पुसून टाका. ज्या नियतकालिकातले निबंध तुम्ही स्वतः वाचता आणि वापरता तिथेच पाठवा, एवढी एकच कसोटी बहुतेक वेळा पुरते. मजकूर-साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर २०१८ च्या नियमांत दंड नाही, पण आकड्यावर विसंबू नका. दुसऱ्याचे एक वाक्य उचलले आणि साम्य दोनच टक्के आले, तरी ती चोरीच.

आठवी पायरी: पावसाळा आणि चतुर्थी

शहरातल्या पाठ्यपुस्तकात हे नसते. इकडे जून ते सप्टेंबर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर बुरशी येते. रात्री तो उघडा ठेवू नका, बंद कपाटात सिलिका जेलसह ठेवा आणि जेलचा रंग बदलला की तापवून परत वापरा. ओलावा ओढणाऱ्या पावडरी लहान कुप्यांत वाटून सीलबंद करा, मोठी बाटली रोज उघडू नका.

विजेचे तर बोलायलाच नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन ते दापोली पट्ट्यात कितीतरी गावे दिवसच्या दिवस अंधारात होती. मौल्यवान नमुन्यांचे दोन भाग करा आणि दुसरा भाग दुसऱ्या गावातल्या फ्रीझरमध्ये ठेवा. जनरेटर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, डिझेल कोण भरतो त्याचा नंबर दारावर लावा.

आणि चतुर्थी. कोकणातला मुलगा चतुर्थीला घरी जाणार, त्यात वाद नाही, जावेच. पण पेशींना सुट्टी नसते. जाण्याच्या दोन आठवडे आधी वाढत्या पेशी दहा टक्के डीएमएसओमध्ये (गोठताना पेशी वाचवणाऱ्या द्रवात), कुपीला दहा ते वीस लाख या हिशोबाने भरा. मिनिटाला एक अंश या गतीने गार करा, रात्रभर उणे ८० मध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी द्रव नायट्रोजनमध्ये हलवा. त्यातली एक कुपी जाण्याआधी वितळवून बघा, पेशी जगतात ना. न बघता भरलेल्या कुप्यांवर विसंबून गाडीत बसू नका. नायट्रोजनची पातळी बघणाऱ्याचे नाव ठरवा, पावसाळी वेळापत्रकात गाडी उशिरा येईल हे धरून परतीचा एक दिवस जास्त ठेवा.

शेवटी उणे २० च्या फ्रीझरमध्ये एक लहान कप पाण्याने भरून गोठवा आणि बर्फावर एक रुपयाचे नाणे ठेवा. तुम्ही घरी असताना वीज गेली, बर्फ वितळला आणि वीज आल्यावर परत गोठला, तरी नाणे खाली गेलेले असेल. परत आल्यावर दार उघडून आधी कप बघा. नाणे वर असेल तर कामाला लागा. बुडालेले असेल तर त्या फ्रीझरमधल्या प्रत्येक कुपीवर खूण करा, कुठले नमुने बाद आणि कुठले परत तपासायचे ते ठरवा आणि वहीत तारखेनिशी लिहा.